हाताला गूळ लागला असंल

जुनी मी आहेच, मित्रांनो. माझ्या काचेवर ओरखडे आहेत आणि मागचं झाकण निसटतं म्हणून त्याला जखमेवरची पांढरी चिकटपट्टी लावलेली आहे. जुनी म्हणा मला, खुशाल म्हणा. पण नेर तालुक्यातल्या एका घराने मला खोटारडी म्हटलं, आणि तो राग अजून माझ्या पोटातून गेलेला नाही. तोच सांगायला बसले आहे.

मी साखर मोजायची मशीन. डब्यातली साखर नाही, रक्तातली. बोटाला बारीक सुई टोचायची, थेंबभर रक्त पट्टीवर घ्यायचं आणि पट्टी माझ्या तोंडात द्यायची. मी जरा थांबून काचेवर आकडा दाखवते. एवढंच माझं काम. गोड बोलून कोणाचं मन राखणं मला कोणी शिकवलेलंच नाही.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून मी नेरच्या एका औषधाच्या दुकानात आले आणि खोकल्याच्या बाटल्यांशेजारी धूळ खात बसले. तिथून मला सदाशिवरावांनी उचललं. कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारा भारदस्त माणूस, गावात शब्दाला वजन असलेला. त्यांच्या रक्तात साखर निघाली होती आणि डॉक्टरांनी घरी मशीन ठेवायला सांगितलं होतं.

काय सांगू तुम्हाला, त्या घरात माझा काय थाट होता. टीव्हीच्या फळीवर माझी जागा. सकाळी सदाशिवराव ओसरीवर खुर्ची टाकून बसले की त्यांची बायको तानाबाई तांब्या, साबण आणि धुतलेला टॉवेल घेऊन यायची. मग त्यांनी हात धुवायचे, चष्मा लावायचा आणि मला मांडीवर घ्यायचं. तेवढा वेळ घरात कोणी भांडंसुद्धा वाजवत नसे. आकडा चांगला आला की सगळ्यांना हायसं वाटायचं. वाढला की ते आदल्या रात्रीचा भात आठवून स्वतःवरच चिडायचे. एखादा पाहुणा म्हणायचा, "सदाशिवभाऊ, ह्या मशीनीचं काही खरं नसते." तेव्हा ते त्याला तिथेच तोडायचे.

"माणूस खोटं बोलते. मशीन खोटं बोलत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे कामाला येणार आहे.

त्यांच्या साखरेसाठी सगळं घर वळलं. चहा बिनसाखरेचा झाला. पोळ्या मागे पडल्या आणि ज्वारीची भाकर पुढे आली. ते संध्याकाळी फिरायला निघाले की चप्पल दारात जोडून ठेवलेली असायची. लग्नाच्या पंगतीत जिलेबीवर हात आडवा धरून ते ऐटीत सांगायचे, "आपल्याले शुगर हाय." मोठं मानाचं पद मिळावं तसं. आणि हे सगळं निभावत कोण होतं? तानाबाई. वेगळा चहा तिने करायचा, भाकरी तिने थापायच्या. ती स्वतः मात्र उरलीसुरली पोळी गुळाच्या खड्यासोबत खाऊन उठायची आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायची. पाणी तिला फार लागायचं. राबणारी बाई आहे, तहान लागणारच, असं घरातले म्हणायचे.

त्या घराला आणखी एक मोठा अभिमान होता, तो म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा रजत. तो जन्मला तेव्हा इतका थोराड होता की त्याला कापूस मोजायच्या काट्यावर तोललं आणि अर्धं गाव बघायला आलं. ही गोष्ट तानाबाईने पाहुण्यांना इतक्यांदा सांगितली की फळीवर बसून मलाही पाठ झाली.

रजतचं लग्न झालं आणि निकिता घरात आली. कळंबकडची मुलगी, शांत, शिकलेली. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. लग्नानंतर तिला दिवस गेले. दवाखान्यात तिला ग्लुकोजचं गोड पाणी पाजलं, दोन तास बसवून ठेवलं, रक्त घेतलं आणि सांगितलं की साखर वाढलेली आहे. काही बायकांची गरोदरपणात अशी वाढते, त्यात बाईचा काही गुन्हा नसतो. डॉक्टरीणबाईंनी हेही समजावलं की साखर आटोक्यात ठेवली नाही तर पोटातलं बाळ वाजवीपेक्षा जास्त वाढतं आणि बाळंतपण अवघड होतं.

घरी काय झालं म्हणता? ज्या घरात "आपल्याले शुगर हाय" हे छाती काढून सांगायचे, त्याच घरात दारं लोटून कुजबुज सुरू झाली.

"पोटुशी बाईले कुठं साखर असते काय?" तानाबाई म्हणाली. "माहेरूनच घेऊन आली असंल. आता कोणापाशी बोलू नको, निकिता. उद्या लोक लेकराले नावं ठेवतीन."

सांगा बरं. साखर तीच, रक्त तसंच लाल, आणि मोजणारी मीही तीच. सासऱ्याला झाली तर ऐट, सुनेला झाली तर झाकपाक. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण मला तोंड कुठे आहे? मला फक्त आकडा दाखवता येतो.

निकिताने मात्र मला नीट हाती धरलं. माझी पिशवी धुतली, स्वतःच्या सुया वेगळ्या आणल्या. ती भाकर, डाळ, मेथी, मोड आलेली मटकी खायची, डॉक्टरांनी दिलेलं इन्शुलिन टोचून घ्यायची. फिरायला मात्र तिला दारासमोरचा रस्ता नव्हता. लोक विचारतील म्हणून ती गोठ्यामागे, तुऱ्हाट्याच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगाभोवती चकरा मारायची. सासऱ्यांची चप्पल दारात जोडलेली आणि ही गोठ्यामागे चोरासारखी. तरी तिने आकडा हलू दिला नाही. मुलगी झाली, छान झाली, आई आणि बाळ दोघी सुखरूप.

बाळंतपणानंतर साखर उतरली. डॉक्टरीणबाईंनी इन्शुलिन बंद केलं आणि रजतला व तानाबाईला समोर उभं करून सांगितलं, "आता उतरली आहे, पण पुष्कळ जणींची परत चढते. दीड महिन्याने हिला उपाशीपोटी घेऊन या, परत ग्लुकोजचं पाणी देऊन तपासू. तोवर गोडधोड जपून द्या."

घरच्यांनी यातलं "उतरली" तेवढं उचललं. बाकीचं वाक्य दवाखान्याच्या पायऱ्यांवरच राहून गेलं.

आता तानाबाईची बाजूही सांगते, कारण बाई वाईट नव्हती. तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. "पोरीले माय नाही, बाळंतपण आपल्याच घरी. उद्या लोक म्हणतीन, सासूनं उपाशी ठेवली." म्हणून ती कंबर कसून लागली. तुपात डिंक फुलवला, खारीक कुटली, खोबरं किसलं, गुळाचा पाक केला आणि मोठा डबा भरून लाडू वळले. सकाळी लाडू, मग आळिवाची खीर, दुपारी शिरा, संध्याकाळी पुन्हा लाडू. बाळाला बघायला येणाऱ्या बाया डब्यात डोकावायच्या आणि "तानाबाईनं सुनेचं लय केलं" म्हणत घरी जायच्या.

"आई, मले एवढं गोड नका देऊ. डॉक्टरनं सांगितलं होतं ना," निकिता म्हणायची.

"साखर त्या पोटातल्या लेकरापायी होती. लेकरू बाहेर आलं, आता साखर कायले राहीन? खा गुमान. दूध कशानं येईन?"

निकिता खायची. प्रेमाने दिलेलं ताट परत सरकवायला आई नसलेल्या पोरीची जीभ रेटत नाही. हळूहळू तिचा घसा कोरडा पडायला लागला. अंगात त्राण राहिलं नाही. बाळाला पाजता पाजता तिचे डोळे मिटायचे. एक दिवस तिने घाबरून मला उघडलं, आणि तिथेच घात झाला.

तानाबाईने नुकताच तिच्या हातात लाडू दिला होता. निकिताने एक घास खाल्ला, लाडू खाली ठेवला आणि तसंच बोट टोचलं. बोटाला पाक लागलेला, तूप लागलेलं. थेंबात गूळ मिसळला. मला जे दिलं ते मी मोजलं. आकडा चारशेच्याही वर गेला.

घरात धांदल उडाली. रजत धावत जाऊन गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईला, म्हणजे उर्वशीला, घेऊन आला. तिने निकिताचं बोट पाहिलं.

"हात धुतले होते काय, निकिता?"

"नाही जी."

"मंग धू आधी."

निकिताने हात धुतले, पुसले, पुन्हा थेंब दिला. या वेळी आकडा अडीचशेच्या आसपास आला. उर्वशी म्हणाली, "पहिला आकडा गुळाचा होता. पण हाही जास्तच हाय, हिले दवाखान्यात..."

पुढचं कोणी ऐकलंच नाही. सदाशिवराव हसायला लागले होते. "हाताला गूळ लागला होता म्हणे. आमची मशीन लाडू मोजून राह्यली." जीव भांड्यात पडला की माणसं जास्तच हसतात. रजत हसला, तानाबाई पदर तोंडाला लावून हसली. उर्वशीने दारातून पुन्हा सांगून पाहिलं, तर तिच्याच हातात दोन लाडू कोंबले. निकिता तेवढी हसली नाही. आणि मी.

त्या दिवसापासून तो घरातला विनोदच झाला. निकिता साबणाने हात धुऊन, कोरडे करून मोजायची. आकडा वर. स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "हाताला गूळ लागला असंल." ती दोनदा हात धुवायची. आकडा वरच. जेवता जेवता रजत म्हणायचा, "गूळ लागला असंल." मी एकदा गुळाचा आकडा दाखवला म्हणून माझा प्रत्येक आकडा गुळाचा ठरला. शेवटी सदाशिवरावांनी निकाल दिला, "मशीन जुनी झाली. उगाच बाळंतिणीले भेव दाखवते," आणि मला तिच्या उशाजवळून उचलून टीव्हीच्या फळीवर ठेवलं.

आणि ऐका, दुसऱ्याच दिवशी सकाळी याच माणसाने हात धुऊन मला मांडीवर घेतलं, स्वतःचा आकडा पाहिला आणि समाधानाने मान डोलावली. त्यांच्यासाठी मी जुनी झाले नव्हते. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मला फार वाईट शब्द सुचतात आणि तुम्ही लहान आहात.

मला भीती कशाची होती ते सांगते. चढलेली साखर आरडाओरडा करत नाही. गुपचूप डोळे खाते, मूत्रपिंड खाते, पायांतली संवेदना खाते. निकिता उभं आयुष्य पुढे असलेली पोर. तिच्या मांडीवर तान्हं लेकरू, आणि घर तिला हसत हसत लाडू चारत होतं.

तिने रजतला सांगून पाहिलं. तो माझ्या फळीजवळच उभा होता.

"मले अंधुक दिसून राह्यलं जी. तुम्ही तरी ऐका."

"मले कळते," रजत पुटपुटला. "पण आईले कोण सांगन? तिनं एवढं केलं. बारसं होऊ दे, मंग जाऊ."

बारसं सव्वा महिना उलटल्यावर धरलं होतं, ते नेमकं तपासणीला बोलावलेल्या दिवशी. त्यात कोणाचा कावा नव्हता. तपासणीची तारीख कोणाच्या लक्षातच नव्हती. निकिताच्या होती.

बारशाची सकाळ उजाडली. अंगणात मांडव, पाळण्याला झेंडूच्या माळा, ओसरीवर चार पाहुणे. सदाशिवराव नेहमीसारखे खुर्चीत बसले. पाहुण्यांसमोर साखर मोजायला त्यांना आवडायचंच. तानाबाईने तांब्या, साबण, टॉवेल आणून ठेवला. इतक्यात निकिता बाहेर आली. डोक्यावर पदर, कडेवर बाळ. तिने बाळ तानाबाईच्या हातात दिलं आणि सासऱ्यांच्या खुर्चीजवळ खाली बसली.

तिने साबण उचलला. सगळ्यांसमोर हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या खालून, सावकाश. पुसून कोरडे केले आणि दोन्ही तळवे पुढे धरले.

"पाहून घ्या, मामाजी. कुठं गूळ हाय काय?"

सदाशिवरावांनी चष्म्यातून तळवे निरखले.

"सकाळपासून पाण्याबिगर तोंडात काही घातलं नाही. आधी तुमचं मोजा, मंग माहं."

सदाशिवराव गोंधळले, पण पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी मोजलं. एकशे अठरा. "ठीक हाय," ते म्हणाले. निकिताने स्वतःची नवी सुई काढली, नवी पट्टी लावली आणि मला थेंब दिला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी इतक्या नीट कधी मोजलं नसेल. दोनशे चौदा. तेही उपाशीपोटी.

"हाताला..." सदाशिवरावांच्या तोंडून सवयीने निघालं आणि तिथेच अडकलं. पाहुणे बघत होते. ते खुर्चीतून उठले, तांब्या हातात घेतला आणि स्वतः सुनेच्या हातावर पाणी घातलं. सासरा सुनेच्या हातावर पाणी घालतो हे त्या ओसरीने कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतःचा टॉवेल पुढे केला. पुन्हा सुई, पुन्हा थेंब. आकडा दोन-चाराने हलला असेल, बाकी तोच.

"मामाजी," निकिता म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एकच मशीन तुमच्यापाशी खरं बोलते आन् माह्यापाशी खोटं, असं असते काय? ती खोटी असंल तं तुमचाही आकडा खोटा. मंग उद्यापासून तुम्हीही लाडू खा."

सदाशिवरावांनी चष्मा काढला.

"मशीन खोटं बोलत नाही," ते हळूच म्हणाले. "आमीच बोललो. रजत, गाडी काढ. उपाशी हाय तवरच पोचव तिले."

"आन् बारसं?" एका पाहुण्याने विचारलं.

"बारसं दुपारी होईन. नाव उशिरा भेटलं तं पोरीचं काही बिघडत नाही. ते नाव घेऊन हाक माराले माय धड पायजे."

दवाखान्यात निघायचं तेच निघालं. साखर गेलेली नव्हती, घर करून बसली होती. डॉक्टरीणबाईंनी औषध सुरू केलं, काय खायचं ते सांगितलं, बाळाला अंगावर पाजत राहा म्हणाल्या. वेळेत आलात, डोळ्यांना अजून इजा नाही, हेही म्हणाल्या. दुपारी पाळणा हलला आणि पोरीचं नाव सलोनी ठेवलं. तानाबाईने पाळण्याची दोरी धरली होती, पण गाण्यात तिचा आवाज नव्हता.

पाहुणे पांगले. दिवेलागणीला तानाबाई लाडवांच्या डब्यासमोर बसलेली होती. निकिता औषधाची गोळी घ्यायला आत गेली तेव्हा मी तिच्या हातात होते, म्हणून पुढचं मला ऐकता आलं.

"मीच तुले जहर चारलं व, पोरी."

"नाही आई. तुम्ही जीव लावला. फक्त ऐकलं नाही."

तानाबाईने डबा जवळ ओढला. मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "रजतच्या वेळेस मलेही अशीच तहान लागे. लोटाच्या लोटा पाणी पेवो मी. आन् तो एवढा मोठा झालता, काट्यावर तोलला होता..." बोलता बोलता ती थांबली. साखर चढली की पोटातलं बाळ वाजवीपेक्षा जास्त वाढतं, हे डॉक्टरीणबाईंचे शब्द दोघींना एकदमच आठवले असावेत.

आणि मग माझ्या लक्षात आलं, मित्रांनो, आणि माझा राग पुन्हा उसळला. इतकी वर्षं मी त्या घरात. रोज सकाळी तांब्या तिने आणायचा, साबण तिने आणायचा, टॉवेल तिने धरायचा. सगळ्या गावाच्या बोटांचं कौतुक मी केलं. आल्यागेल्या पाहुण्यांनी गंमत म्हणून बोटं टोचून घेतली. पण तानाबाईचं बोट कोणी माझ्यापुढे कधी आणलंच नाही. तिची तहान सगळ्यांना दिसायची. तिला कोणी विचारलं नाही, आणि तिलाही विचारावंसं वाटलं नाही.

तानाबाई उठली. मोरीवर गेली आणि हात धुतले. गुळाचे इतके लाडू वळलेले ते हात. पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले, नखं घासली. पदराला पुसणार होती, तर निकिताने सदाशिवरावांचा तो धुतलेला टॉवेल आणून दिला. मग तिने माझ्यासमोर बोट धरलं आणि माझ्याशीच बोलली.

"धुतले बाई, दोनदा धुतले. आता खरं सांग."

मी खरं सांगितलं. आकडा निकिताच्या आकड्याहून मोठा होता. या वेळी कोणी हसलं नाही.

आता निकिताला नवी मशीन आली आहे आणि मी तानाबाईची झाले आहे. संध्याकाळी दारात चपलांचे तीन जोड असतात. गोठ्यामागे कोणी फिरत नाही. मला जपा, पुसून ठेवा, असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही. माझं काय, आज आहे, उद्या भंगारात जाईन. तुम्ही फक्त एवढं करा. आज घरी गेलात की आईला विचारा, आजीला विचारा, तुझी साखर कधी मोजली का गं? ती म्हणेल, "मले काय होते?" तेव्हा हसू नका, मित्रांनो. साबण आणा आणि तिच्या हातावर पाणी घाला.